अनुभव धागा: खेळातली चोरी आणि पहारेकऱ्याची पाठ

संगणकावरच्या रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळात, तलवार उपसून समोरासमोर भिडण्यापेक्षा अंधारात दबा धरून चोराच्या भूमिकेत खेळणे ज्यांना आवडते, अशा ग्वाल्हेर, इंदूर आणि बडोद्याच्या मंडळींनी आपले अनुभव येथे लिहावेत. कथेचा शेवट मात्र कृपया कोणी फोडू नये.

सुरुवात मीच करतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या वाड्याच्या लाकडी जिन्याची चौथी पायरी करकरत असे, आणि दुपारी आजी झोपलेली असताना माडीवरच्या फडताळातील लाडवांपर्यंत पोहोचायचे तर ती पायरी चुकवून भिंतीच्या कडेने चढावे लागे. १९९८ साली आलेला 'थीफ' मी पुष्कळ उशिरा खेळलो, तेव्हा हेच शिक्षण कामी आले. त्या खेळात गालिच्यावर पाऊल वाजत नाही, दगडावर वाजते, आणि लोखंडी पत्र्यावर तर पलीकडच्या खोलीतला पहारेकरीही सावध होतो. अशा ठिकाणी शेवाळाचा बाण मारून जमीन मऊ करून घ्यायची, आणि मशाल आड येत असेल तर पाण्याच्या बाणाने ती विझवायची. आपण किती उजेडात आहोत हे दाखवणारा, पडद्याच्या तळाशी असलेला मणी जितका काळवंडेल तितके आपण सुरक्षित. सर्वांत कठीण पातळीवर माणसाला ठार मारण्याची मनाई असल्यामुळे एका पहारेकऱ्याची फेरी पाठ होईपर्यंत मी खांबामागे वीस मिनिटे उभा होतो. तेवढ्यात वीज गेली, आणि खेळ सेव्ह केलेला नव्हता.

इंदूरहून:
काटेकोरपणे पाहता 'थीफ' हा रोल-प्लेइंग गेम नव्हे. पण ते असो. माझा अनुभव 'स्कायरिम'चा (२०११) आहे. आमचे सराफ्यात चांदीचे दुकान असल्यामुळे त्यातल्या रिफ्टन शहराच्या बाजारातला प्रसंग मला जड गेला. चोरांच्या टोळीचा ब्रिन्योल्फ पहिलेच काम असे देतो की, तो गर्दीला बोलण्यात गुंतवील, तेवढ्यात आपण मडेसी नावाच्या जवाहिऱ्याच्या ठेल्याखालच्या पेटीतून अंगठी काढायची आणि ती ब्रँड-शे या दुसऱ्या व्यापाऱ्याच्या खिशात सोडायची, म्हणजे आळ त्याच्यावर जाईल. कुलूप उघडले, अंगठी हाती आली, ब्रँड-शेच्या पाठीमागे वाकून बसलो, आणि तिथेच थांबलो. चोरी मला चालली असती. निर्दोष दुकानदाराला तुरुंगात धाडणे चालेना.

बडोद्याहून, दांडिया बाजार:
आम्ही नवरा-बायको 'बाल्डर्स गेट ३' एकाच पडद्यावर खेळतो. ही दुकानदाराशी बोलत राहते आणि मी मागून त्याचा खिसा कापतो. चोरी साधते की नाही हे ठरवणाऱ्या वीस बाजूंच्या फाशावर एक पडला की हातचलाखी कितीही वाढवलेली असो, चोरी फसतेच, हे ठाऊक असूनही तो फासा माझ्याकडून हावरेपणाने टाकला जातो. चोरी साधली तरी दुकानदाराला थोड्या वेळाने खिसा रिकामा झाल्याचे कळते आणि तो जवळपासच्यांना हटकत फिरतो. त्या वेळी मी गच्चीवर पोहोचलेलो असतो, आणि हिला मात्र खालीच उभे राहून उत्तरे द्यावी लागतात. यावरून आमच्यात झालेले वाद खऱ्या संसारातल्या वादांहून फार वेगळे नाहीत.

पुन्हा ग्वाल्हेरहून, दुसरा सदस्य:
'स्कायरिम'मध्ये लपून मारलेल्या खंजिराचा घाव योग्य कौशल्याने पंधरापट होतो, तरी मी शेवटी धनुष्यच उचलले. बहुतेकांचे असेच होत असावे.

धागाकर्ता:
सराफ्याच्या मित्रांना विचारतो, त्या अंगठीचे पुढे काय झाले?

इंदूरहून:
बाजार उठेपर्यंत मी तसाच बसून राहिलो. काम बिघडवले तरी ब्रिन्योल्फ टोळीत बोलावतोच, हे मला नंतर कळले. चोरीचा माल साधा दुकानदार घेत नाही, आणि जो घेतो त्या टोळीच्या माणसाकडे ती न्यावीशी वाटली नाही. अजून ती माझ्या झोळीतच पडून आहे.