दोघांचाही रक्तगट ‘बी’ आणि नाडीही एकच: हे स्थळ सोडावे का?

सातारची वाचक (प्रश्न)

नमस्कार. माझ्या मुलीसाठी आलेले एक स्थळ आम्हा सर्वांना पसंत आहे आणि मुख्य म्हणजे मुलामुलीलाही पसंत आहे. पत्रिका जुळवून घेतल्यावर गुण अठराच्या वर भरले, परंतु मुलीचे नक्षत्र मृग आणि मुलाचे पुष्य असल्यामुळे दोघांचीही मध्य नाडी आली व नाडीचे आठही गुण गेले. त्यावर माझ्या थोरल्या जाऊबाईंनी रक्तगट विचारला. मुलीचा बी निगेटिव्ह आहे आणि मुलाचा बी पॉझिटिव्ह. ‘बघा, नाडी एक म्हणजे रक्त एक, आणि रक्त एक म्हणजे नाते बहीणभावाचे, अशा जोडप्याला मूल होत नाही किंवा झालेले टिकत नाही,’ असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. तेव्हापासून घरात कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

मी स्वतः पत्रिका पूर्णपणे मानणारी नाही आणि पूर्णपणे न मानणारीही नाही. नाडी आणि रक्तगट यांचा खरोखर काही संबंध आहे का, आणि दोघांचा गट ‘बी’ असल्याने पुढे मुलांना त्रास होऊ शकतो का, एवढेच जाणत्यांनी सांगावे.

निवृत्त तंत्रज्ञ, रक्तपेढी

ताई, मी तीस वर्षे रक्तपेढीत काम केले आणि आपला प्रश्न मला दर लग्नसराईत कोणी ना कोणी विचारलेला आहे. दोघांचा गट ‘बी’ असणे ही काळजीची गोष्ट मुळीच नाही. आपल्या देशात ‘ओ’ आणि ‘बी’ हे दोनच गट इतके जास्त आढळतात की एकाच गटाची जोडपी प्रत्येक वाड्यात आणि प्रत्येक सोसायटीत सापडतील. त्यांना मुले होत नसती तर ती गोष्ट एव्हाना सर्वांच्या नजरेत आली असती. रक्तगट एक म्हणजे बहीणभाऊ हेही खरे नाही. आईचा गट ‘ए’ आणि वडिलांचा ‘बी’ असेल आणि दोघांकडेही ‘ओ’चा छुपा अंश असेल, तर त्यांच्या सख्ख्या मुलांमध्ये ए, बी, एबी आणि ओ हे चारही गट निघू शकतात. म्हणजे सख्खी भावंडे वेगळ्या गटांची असू शकतात, आणि ज्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही असे दोघे एका गटाचे.

गंमत अशी की ए-बी-ओ गटांमुळे बाळाला जो थोडाफार त्रास होतो, तो गट वेगळे असताना होतो. आई ‘ओ’ गटाची आणि बाळ वडिलांकडून आलेल्या ‘ए’ किंवा ‘बी’ गटाचे असले, तर काही बाळांना जन्मानंतर कावीळ दिसते व ती बहुधा निळ्या प्रकाशाच्या उपचाराने उतरते. जाऊबाईंचा नियम पाळायचाच झाला, तर तो उलटा करून पाळावा लागेल!

मात्र आपल्या प्रश्नात एक शब्द आपण सहज लिहून पुढे गेलात, आणि माझे लक्ष तिथेच थांबले. मुलगी निगेटिव्ह आहे आणि मुलगा पॉझिटिव्ह. ‘बी’ बाजूला ठेवा. लक्ष द्यायचे ते या आरएच घटकाकडे: लाल पेशींवर तो असला तर माणूस पॉझिटिव्ह, नसला तर निगेटिव्ह. आपल्याकडे साधारण शंभरात पाच माणसे आरएच निगेटिव्ह असतात, म्हणून निगेटिव्ह मुलीला नवरा पॉझिटिव्हच मिळण्याची शक्यता फार मोठी असते. हे लग्न मोडण्याचे कारण नव्हे, डॉक्टरांच्या नोंदीत राहण्याची बाब आहे.

घडते ते असे. बाळ वडिलांप्रमाणे पॉझिटिव्ह असले, तर प्रसूतीच्या वेळी त्याच्या काही रक्तपेशी आईच्या रक्तात मिसळतात. आईच्या शरीराला त्या परक्या वाटतात आणि ते त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे (परक्या पेशींशी लढणारी प्रथिने) तयार करते. पहिले बाळ तोवर जन्मलेले असते, म्हणून त्याला सहसा काही होत नाही. पण दुसऱ्या वेळी बाळ पुन्हा पॉझिटिव्ह असेल, तर ती प्रतिपिंडे वार (प्लॅसेंटा) ओलांडून त्याच्या लाल पेशी नष्ट करू लागतात. ‘पहिले सुखरूप झाले, दुसरे टिकले नाही’ अशा ज्या गोष्टी जुन्या बायका सांगत, त्यांतील काहींच्या मागे हेच असावे असे मला नेहमी वाटते. आरएच घटकाची ओळख 1940 साली पटली आणि 1960च्या दशकाच्या अखेरीस त्यावर ‘अँटी-डी’ नावाचे इंजेक्शन उपलब्ध झाले. ते गरोदरपणाच्या 28व्या आठवड्याच्या सुमारास, आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत पुन्हा देतात. गर्भपात झाला किंवा गर्भ नळीत राहिला तरीही ते घ्यावे लागते, आणि नेमके हेच पुष्कळदा राहून जाते, कारण घरच्यांनी ते गरोदरपण मोजलेलेच नसते. गरोदरपणी डॉक्टर ‘इनडायरेक्ट कूम्ब्स’ नावाची तपासणी करून आईच्या रक्तात प्रतिपिंडे आहेत का हे पाहतात, कारण ती एकदा तयार झाली की इंजेक्शनचा उपयोग होत नाही. वडिलांकडे निगेटिव्हचा छुपा अंश असेल, तर बाळ निगेटिव्ह होण्याची शक्यता निम्मी असते, आणि तसे झाल्यास प्रसूतीनंतरच्या इंजेक्शनची गरजच उरत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मूल होण्याच्या वयात पत्नीला रक्त द्यावे लागले, तर ते शक्यतो पतीचे देऊ नये, गट एक असला तरीही. ‘घरचेच रक्त चांगले’ हा समज इथे अडचणीचा ठरतो. पतीच्या पेशींवरील इतर घटकांविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिपिंडे तयार झाली, तर तेच घटक घेऊन येणाऱ्या बाळाला त्रास होऊ शकतो.

पंचांगवाचक

वरील उत्तर वाचून समाधान झाले. नाडीविषयी मी लिहितो, कारण गेली अनेक वर्षे गुणमेलनाचे काम माझ्याकडे येते आणि ‘नाडी म्हणजेच रक्तगट’ हे वाक्य अलीकडे काही ज्योतिषीही बिनदिक्कत उच्चारतात.

नाडी ठरते ती जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात असतो त्यावरून. 27 नक्षत्रे आद्य, मध्य आणि अंत्य अशा तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली आहेत. मृग आणि पुष्य दोन्ही मध्य नाडीत येतात, तेव्हा आपल्या गुरुजींनी गणित बरोबर केले आहे. आता चंद्र एका नक्षत्रात सुमारे एक दिवस असतो. म्हणजे त्या एका दिवसात साताऱ्यापासून सोलापूरपर्यंत जी जी बाळे जन्मली, त्या सर्वांची नाडी एकच असणार. त्यांचे रक्तगट एक असतील का? नाड्या तीन, रक्तगट चार, आणि आरएच धरले तर आठ. नाडी आईवडिलांकडून येत नाही, रक्तगट केवळ त्यांच्याकडूनच येतो. शिवाय ए, बी आणि ओ या गटांचा शोध व्हिएन्ना येथे कार्ल लँडस्टायनर यांनी 1900-1901 च्या सुमारास लावला, तर गुणमेलनाचे ग्रंथ त्याच्या कितीतरी शतके आधीचे आहेत. त्या ग्रंथकारांच्या मनात नाडीचा संबंध वात, पित्त आणि कफ या प्रकृतींशी होता, रक्ताच्या गटाशी नव्हता. शास्त्र आधुनिक भासावे म्हणून त्यावर रक्तगटाचे ठिगळ लावणे हा त्या शास्त्रावरही अन्याय आहे.

राहिला प्रश्न नाडीदोष मानावा की नाही हा. ज्यांना मानायचा आहे त्यांच्यासाठी परंपरेतच अपवाद आणि परिहार सांगितलेले आहेत, त्याविषयी आपल्या गुरुजींशी बोलावे. मी स्वतः मुलामुलीची पसंती असताना केवळ नाडीवरून स्थळ मोडण्याचा सल्ला देत नाही.

‘रक्त एक’ ही कल्पना धर्मशास्त्रात आहे, परंतु ती वेगळ्या ठिकाणी आहे. सपिंड विवाहाचा निषेध करताना विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ या याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकेत पिंड या शब्दाचा अर्थ श्राद्धाचा भाताचा गोळा असा न घेता शरीर असा घेतला आणि ज्यांच्यात एकाच पूर्वजाच्या शरीराचे अंश उतरले आहेत ते सपिंड, असे सांगितले. तेथे पित्याकडून सात आणि मातेकडून पाच पिढ्या वर्ज्य आहेत. 1955च्या हिंदू विवाह कायद्याने त्या अनुक्रमे पाच आणि तीन केल्या, मात्र रूढी असेल तर सूट ठेवली. त्याच रूढीच्या आधारे आपल्याकडे मामाची मुलगी करतात. मामेबहिणीचे गोत्र वेगळे असते, म्हणून सगोत्राचा आक्षेप तिथे येत नाही आणि घरातील सारे निर्धास्त असतात. वास्तविक तिचा आणि मुलाचा आनुवंशिक वारसा सुमारे एक अष्टमांश सारखा असतो. उलट एकाच गोत्राचे, पण शतकानुशतके दूर गेलेले दोघे परस्परांचे रक्ताचे कोणीही नसतात, आणि सगोत्र विवाहावरील कायदेशीर बंदीही 1946 सालीच उठलेली आहे. ज्या जाऊबाई रक्तगटावरून ‘बहीणभाऊ’ म्हणतात, त्यांच्या माहेरी मामाची मुलगी केलेली नाही ना, एवढे हळूच विचारून पाहावे. (हे गमतीने लिहिले आहे, प्रत्यक्षात विचारू नये.)

एक अनुभवी

सर्व उत्तरे विद्वत्तापूर्ण आहेत, तरीही माझ्या चुलतबहिणीचा विवाह एकनाडी असताना झाला आणि तिचे तीन गर्भपात झाले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. शास्त्र एवढे सहज बाजूला सारू नये असे मला वाटते.

निवृत्त तंत्रज्ञ, रक्तपेढी

आपल्या बहिणीच्या दुःखाविषयी मला आदर आहे, आणि न तपासता त्याचे कारण सांगणे योग्य होणार नाही. वारंवार गर्भपात होण्याची कारणे अनेक असतात, त्यांतील पुष्कळांवर उपाय आहेत. त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून पूर्ण तपासणी करून घेतली नसल्यास ती अवश्य घ्यावी. ‘एकनाडी आहे’ हे उत्तर एकदा मिळाले की पुढची तपासणी राहून जाते, माझा आक्षेप तेवढ्यापुरताच आहे.

नागपूरची वाचक

मी या चर्चेत लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला. आमची पत्रिका उत्तम जुळली होती, नाडी वेगळी होती आणि रक्तगटही वेगळे होते, त्यामुळे आम्हाला कोणीही काही विचारले नाही. आमचा मुलगा आठ महिन्यांचा असताना त्याचे हातपाय सुजले आणि तो रात्रंदिवस रडू लागला, तेव्हा तपासणीत कळले की त्याला सिकलसेल आहे, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. आम्ही दोघेही वाहक होतो, म्हणजे आजाराचा अंश एकाच पालकाकडून आलेले, आमच्या भाषेत ‘एएस पॅटर्न’, आणि आम्हाला त्याचा मागमूसही नव्हता, कारण वाहकाला सहसा काहीच त्रास होत नाही. दोन्ही पालक वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात चारात एक एवढी शक्यता मुलाला आजार होण्याची असते. ‘पहिल्याला झाला, आता पुढच्या तिघांना होणार नाही’ असा तिचा अर्थ नसतो. मला मात्र अनेकांनी हेच सांगून दुसरे मूल होऊ द्यावे असा आग्रह केला होता.

विदर्भात, गडचिरोलीत आणि तिकडे नंदुरबारकडे हा आजार पुष्कळ आहे. थॅलसेमियाचे (शरीरात हिमोग्लोबिन नीट तयार न होण्याच्या आनुवंशिक आजाराचे) वाहक तर सर्वच समाजांत सापडतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा आणि कच्छी भानुशाली समाजांत त्यांचे प्रमाण अधिक असते. एक पालक सिकलसेलचा आणि दुसरा थॅलसेमियाचा वाहक असला तरीही मूल आजारी निपजू शकते. ताई, आपण साताऱ्याच्या आहात, कदाचित आपल्याकडे हे नाव कोणी घेत नसेल. तरीही रक्ताविषयी बोलणे निघालेच आहे, तर दोघांची ही तपासणी करून घ्या. रक्तगटाच्या चिठ्ठीवर हे काहीही दिसत नाही. माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे, नियमित औषध घेतो, शाळेत जातो आणि थंडीत व उन्हाळ्यात आम्ही त्याला जपतो.

सातारची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. निगेटिव्हविषयी मला खरोखर काहीच माहीत नव्हते. मुलीच्या वेळी माझ्या डॉक्टरांनी रक्तगट लिहून दिला होता तेवढाच. नागपूरच्या ताईंचे पत्र मी मुलीला आणि तिच्या वडिलांना वाचून दाखवले. आता अडचण अशी आहे की या तपासणीचा विषय मुलाकडे काढावा कसा? ‘आमच्या मुलात काही दोष आहे असे वाटते का’ असे त्यांनी म्हटले, तर जुळत आलेले बिनसेल. आणि ही तपासणी नेमकी कोणत्या नावाने मागावी?

निवृत्त तंत्रज्ञ, रक्तपेढी

तपासणीला ‘हिमोग्लोबिन एचपीएलसी’ म्हणतात. काही प्रयोगशाळा ‘एचबी इलेक्ट्रोफोरेसिस’ही करतात. सोबत साधा हिमोग्रॅम (रक्तपेशींची मोजणी) सांगावा. शरीरात लोह फार कमी असेल तर थॅलसेमियाच्या वाहकाचा अहवाल कधीकधी फसवा येतो, म्हणून मुलीला पंडुरोग असल्यास तसे आधी सांगावे. सिकलसेल आणि थॅलसेमिया या दोन्हींचे वाहक या एकाच तपासणीत बहुधा कळतात. दोघांपैकी एकच वाहक निघाला, तर मुलाला आजार होत नाही आणि लग्नाला कोणतीही हरकत नसते. दोघेही निघाले, तरी लग्न करू नये असे मी म्हणणार नाही. मात्र आनुवंशिकतेच्या तज्ज्ञांशी आधी बोलावे, कारण गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते आणि त्या वेळी हाताशी दिवस थोडेच असतात.

विषय काढण्याचे म्हणाल, तर पहिली चाचणी आपल्या मुलीची करावी आणि तिचा अहवाल निगेटिव्ह रक्तगटाच्या माहितीसह स्वतःहून त्यांच्या हाती द्यावा. आपण आपले आधी उघड केले की समोरच्याला ती परीक्षा वाटत नाही. आणि हे बोलणे आईवडिलांनी बैठकीत करण्यापेक्षा त्या दोघांनाच करू द्यावे. माझ्या अनुभवात मुले हा विषय आपल्याहून पुष्कळ सहज बोलतात.

सातारची वाचक

मुलगी म्हणते की तिने त्याला कालच फोनवर सांगितले, आणि शनिवारी सकाळी दोघे एकत्रच प्रयोगशाळेत जाणार आहेत. जाऊबाईंना अजून काही सांगितलेले नाही.