लिंक्डइनवर नावाखाली काय लिहू? पदाचं नावच नाही

राळेगावची_पोरगी:
नमस्कार जी. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री केलं. सध्या गावाजवळच्या शेतकरी उत्पादक कंपनीत कामाले आहे. पद काय, म्हणाल तर सांगता येत नाही. कापूस आला की काटा मी करते, ओलावा मी मोजते, हिशेबपट्टी मीच लिहिते. पावसाळ्यात गावोगाव कामगंध सापळे लावून बोंडअळीचे पतंग मोजते.

लिंक्डइनवर सध्या ‘ॲग्रिकल्चर ग्रॅज्युएट, हार्डवर्किंग, सीकिंग ऑपॉर्च्युनिटी’ आहे. कोणी ढुंकून पाहत नाही. पुण्यातला मावसभाऊ म्हणते, बिनधास्त ‘ऑपरेशन्स मॅनेजर’ टाक, कोण पाहायले येते! टाकू का?

जिनिंगवाले_काका, हिंगणघाट:
नका टाकू ताई. मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, माणसं घेतो. मॅनेजर लिहिलं असलं की माझा पहिला प्रश्न, हाताखाली किती लोकं होते? तिथंच गाडी अडते.

तेच ‘मॉइश्चर’ दिसलं असतं तर मी थांबलो असतो. सीसीआय, म्हणजे सरकारची कापूस खरेदी करणारी कंपनी, ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, १२ च्या वर कापूस घेतच नाही. मधल्या टक्क्यांची कपात शेतकऱ्याले तोंडावर सांगायची आन् काट्यावर भांडण होऊ द्यायचं नाही, हे ज्याले जमते त्याले हंगामात मी शोधत फिरतो. तुम्ही इथं प्रश्नात जे लिहिलं तेच वर न्या. हार्डवर्किंग तर कापूस वेचणारी बाई बी आहे, तिनं कुठं पाटी लावली?

नागपूर_भरती:
काकांचं बरोबर. त्या ओळीत २२० अक्षरं बसतात. स्वतःहून काही लिहिलं नाही तर लिंक्डइन सध्याचं पद आणि कंपनी आपोआप टाकतं, म्हणून बऱ्याच जणांची ओळ सारखीच दिसते. मोबाइलवर यादीत किंवा कमेंटखाली सुरुवातीचे काही शब्दच दिसतात, तेव्हा काम आधी, डिग्री शेवटी. ओळ इंग्रजीतच ठेवा. आम्ही शोधताना ‘कॉटन’, ‘प्रोक्युरमेंट’ (खरेदी), ‘एफपीसी’ (शेतकरी उत्पादक कंपनी) असलेच शब्द टाकतो.

नोकरी शोधताय हे तिथं नको. ‘ओपन टू वर्क’ची सोय वेगळी आहे, ते फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असं निवडता येतं. स्वतःच्या कंपनीच्या भरतीवाल्यांपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पक्की हमी देत नाही. तुमच्या कंपनीत असा वेगळा भरतीवाला असेल असं वाटत नाही म्हणा.

वणीकर:
यवतमाळ, राळेगाव काही लिहू नका. मुंबईवाले नाव वाचूनच पुढे जातात.

जिनिंगवाले_काका, हिंगणघाट:
काहून बा? कापसाच्या धंद्यात यवतमाळ लपवायचं? मग दाखवायचं काय, अंधेरी?

नागपूर_भरती:
ठिकाणाचा रकाना वेगळा असतो, तिथं जिल्हा येऊ द्या. ओळीत ‘विदर्भ’ पुरे.

राळेगावची_पोरगी:
हे चालेल का? इथं देवनागरीत लिहिते, तिथं इंग्रजीत टाकीन:

‘कॉटन प्रोक्युरमेंट अँड मॉइश्चर टेस्टिंग, एफपीसी, विदर्भ | पिंक बोलवर्म मॉनिटरिंग, फेरोमोन ट्रॅप्स | बी.एस्सी. ॲग्री, पीडीकेव्ही अकोला’

जिनिंगवाले_काका, हिंगणघाट:
झकास. एक सांगा, कवडी (किडका, नीट न फुटलेला कापूस) आन् पिवळा पडलेला कापूस तुम्ही वेगळा काढता का दुसरं कोणी?

राळेगावची_पोरगी:
मीच काढते जी, काट्याच्या आधी.

जिनिंगवाले_काका, हिंगणघाट:
मग ‘ग्रेडिंग’ राहिलं की! तेच पहिलं घ्या. ओलाव्याचा मीटर कोणता वापरता ते खाली अनुभवात लिहा, वर जागा खाऊ नका. आन् कंपनीच्या संचालकाले म्हणा, एका कागदावर पदाचं नाव लिहून द्या, अनुभवात तेच टाकता येईल.

राळेगावची_पोरगी:
सोमवारी मीटिंग आहे, तेव्हाच कागद मागते.