अण्णांच्या कानटोपीतलं सोनं (अनुभव धागा: ऑक्टोबरात व्हॅली ऑफ फ्लॉवर्स)

गोदाकाठची
घट बसायच्या आधीची आवराआवर चालू आहे. काल लोखंडी पेटीतून अण्णांची कानटोपी निघाली. झटकली तर घडीतून एक वाळलेलं पान पडलं. भोजपत्राचं.

२०११ चा दसरा आम्ही उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये होतो. घट मोठ्या जाऊबाईंकडं बसतात, म्हणून जमलं. आता तिकडं आपटा कुठून आणायचा? अण्णांनी खाली पडलेलं एक पिवळंधमक पान उचललं, माझ्या हातावर ठेवलं, "घे, सोनं." मी पाया पडून परत त्यांनाच दिलं, त्यांनी टोपीत खोवलं. ते असं काल निघालं. अण्णा जाऊन चार वर्षं झाली, त्यात पित्रपाठ चालू. पेटी उघडी टाकून तासभर तशीच बसले होते.

फुलं एकही नव्हती हं. जुलै-ऑगस्टात असतात ती सगळी वाळून गेलेली, नुसता तांबूस-पिवळा उतार आणि खाली पुष्पावती नदी. पण आभाळ! माणसं म्हणाल तर आम्हाला धरून सात.

आता लेक मागं लागलीय, मलाही दाखव. तेव्हा ती पाच महिन्यांची, आजीपाशी ठेवून गेले होते, त्याचा राग अजून धरून आहे. यंदा अधिक मासामुळं दिवाळी नोव्हेंबरात, आणि व्हॅलीचं राष्ट्रीय उद्यान ३१ ऑक्टोबरला बंद होतं. म्हणजे दसरा झाला की निघायचं, शाळा बुडवून. ऑक्टोबरात कुणी गेलंय का? डोंगरातलं दुसरं कुठलं असलं तरी लिहा.

बालाघाटी
लेकरू कितवीला?

गोदाकाठची
दहावीला. बोला आता.

बालाघाटी
मी काय बोलणार, तुमच्या घरचे बोलले असतील की 😀

औश्याचा वाटसरू
ताई, आधी एक सांगतो मग बाकीचं. व्हॅलीच्या शेजारचं हेमकुंड साहिब, शिखांचा डोंगरातला गुरुद्वारा, साधारण १० ऑक्टोबरच्या आसपास बंद होतं. ते बंद झालं की घांघरियाच्या (दोन्हीसाठी मुक्कामाचं गाव हेच) लॉजवाल्यांना, खेचरवाल्यांना, ढाबेवाल्यांना कामच उरत नाही, सगळे एकेक करून खाली उतरतात. कागदावर व्हॅली ३१ पर्यंत उघडी, पण मुक्काम कुठं करणार? आत तर राहू देतच नाहीत, सकाळी जाऊन दिवस मावळायच्या आत परत यावं लागतं.

आम्ही २४ ऑक्टोबरला पोचलो होतो. आमच्या गावातल्या एका टूरवाल्यानं "हेमकुंड पण करून आणतो" म्हणून आगाऊ पैसे घेतलेले. तिथं गेल्यावर कळलं कुलूप. फोन लावावा तर घांघरियात रेंज नाही. एकच लॉज उघडं, त्यात तीन दिवस सकाळ-संध्याकाळ आलूपराठा. रात्री बादलीवर बर्फाची साय. आमचे मेहुणे त्याला हात लावून म्हणाले, लातूरला हीच बादली असती तर विकली असती. (पाणीटंचाईचं वर्ष होतं.)

पण व्हॅली बघितली आणि टूरवाल्याला माफ केलं. अर्धंच. पैसे अजून परत नाहीत.

वाट बदललीय हे लक्षात ठेवा. २०१३ च्या पुरात जुनी बरीच वाहून गेली. आता गोविंदघाटवरून पुलनापर्यंत जीप, तिथून घांघरिया दहा किलोमीटर चढ. रोख पैसे न्या.

गोदाकाठची
बापरे, हे माहीत नव्हतं. आम्ही गोविंदघाटपासनं चालत गेलो होतो, अण्णा ६६ वर्षांचे. हेमकुंडचं चढण सहा किलोमीटर, त्यांना झेपलं नाही, दुसऱ्या वळणावरच बसले. मी म्हणाले खेचर करू. नको म्हणाले, खेचराला कामून तरास. तिथूनच हात जोडले.

नांदेडची पोर
ताई सचखंड एक्स्प्रेसनं गेला होता का??? तो लंगर!! मी लहानपणी फक्त लंगरसाठी त्या गाडीत बसायचे असं आई म्हणते. स्टेशन आलं की सगळा डबा ताटल्या घेऊन दारात. कढी-चावल 😋 आमच्या शेजारच्या बीजी दरवर्षी हेमकुंडला जायच्या. गुरू गोबिंदसिंगजींनी मागच्या जन्मी तिथं तप केलं म्हणतात, आणि त्यांचा शेवट इकडं आपल्या नांदेडला झाला. बीजी म्हणायच्या, एक टोक माझ्या घरापाशी आहे, दुसरं बघून आले की झालं. त्या गुडघे दुखतात म्हणून गुरुद्वाऱ्याला रिक्षानं जायच्या आणि हेमकुंड पायी चढायच्या. विचारलं तर, "ओ गल्ल होर है." (ती गोष्ट वेगळी.)

गोदाकाठची
सचखंडच. अण्णांनी लंगरची डाळ तीनदा घेतली, आणि आमच्या दशम्या तशाच हरिद्वारपर्यंत आल्या.

सोयाबीनवाला
ऑक्टोबरात फिरायचं म्हणजे नोकरदारांचं सुख. आमच्याकडं तेव्हा काढणी. मळणीयंत्राच्या नंबरात उभं राहून वाचायलोय हे सगळं.

बालाघाटी
भाव काय निघाला तुमच्याकडं?

सोयाबीनवाला
विचारू नका. धाग्याचा विषय सुंदर आहे, तोच चालू द्या.

दवाखान्यातून
दोन पेशंटच्या मधे लिहितेय. घांघरिया तीन हजार मीटरच्या वर आहे, आपण सपाटीवरची माणसं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच हेमकुंड करू नका, आधी व्हॅली करा, ती चढायला सोपी. डोकं दुखून उलटी झाली तर "जरा बसते, बरं वाटेल" नाही, खाली उतरायचं. बीपीच्या गोळ्या पिशवीत नाही, अंगावर. आणि ते पान छानच आहे, पण उद्यानातून काही आणायचं नसतं हो 🙂

गोदाकाठची
अण्णा वनखात्यात नव्हते, झेडपीत मास्तर होते 😀 पण खरंय तुमचं. मुलीलाही तेच सांगितलं.

मास्तरांवरून आठवलं. व्हॅलीच्या आत एक कबर आहे, जोन मार्गारेट लेग बाईंची. फुलं-झाडं गोळा करायला १९३९ मध्ये आल्या आणि कड्यावरून घसरून गेल्या. तो दगड अण्णांनी मला मोठ्यानं वाचायला लावला, वर्गात लावतात तसा. मग टोपी काढून उभे राहिले. एवढ्या थंडीत! १९३१ मध्ये कामेट शिखरावरून उतरताना स्माईथ नावाच्या इंग्रज गिर्यारोहक साहेबाला ही दरी दिसली, हे पण तिथंच शिकवून झालं. परतताना मला विचारून पाठ घेतला.

कन्नडचा डोंगऱ्या
एवढ्या लांब कशाला? आपलं संभाजीनगर जिल्ह्यातलं गौताळा काय वाईट आहे. अभयारण्य आहे, राष्ट्रीय उद्यान नाही, मान्य. पण २६० चौरस किलोमीटर जंगल आपल्या दारात. २०२१ मध्ये तिकडं यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्याचा वाघ चालत चालत इथं आला होता, त्याला कुणी शाळा बुडवू नको म्हणालं नाही. दसऱ्यानंतर गवत पिवळं पडतं, धबधबे बारीक झालेले असतात, पण पितळखोऱ्याच्या लेण्यांच्या पायऱ्या सुकलेल्या मिळतात. पावसाळ्यात त्याच पायऱ्यांवर मी बसूनच खाली आलोय. उभा राहून निघालो होतो.

औश्याचा वाटसरू
कन्नडवाले, ते पाटणादेवीकडून पण जाता येतं ना? भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून नातवानं मठ काढला, त्याचा शिलालेख तिथलाच.

कन्नडचा डोंगऱ्या
हाव, तो खाली खानदेशच्या अंगाला. घाटात ट्रक अडकला नाही तर तासाभरात. ट्रक अडकतोच.

दवाखान्यातून
गणिताचा पेपर आहे म्हणून सांगा शाळेत, भास्कराचार्य बघायला जातोय 😄

गोदाकाठची
लेकीला वाचून दाखवलं. म्हणते गौताळा ठीक आहे, पण ती त्याला "ट्रेलर" म्हणायलीय. पुढच्या वर्षी दहावी संपलेली असेल, सप्टेंबरच्या शेवटी जाऊ, हेमकुंड उघडं असताना. यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कन्नड. ह्यांनी गाडीचं टायर बघायला काढलंय, म्हणजे नक्की.

पान परत टोपीत ठेवलं.

नांदेडची पोर
ताई सचखंडचं रिझर्वेशन साठ दिवस आधी उघडतं, उघडल्या दिवशीच काढा. आणि स्टीलची ताटली न्या, कागदाच्या द्रोणातून कढी गळते.

बालाघाटी
कन्नडला जाताना सीताफळं लागतील का कुणाला, धारूरची? मी परवा संभाजीनगरला यायलोय.

सोयाबीनवाला
दोन डझन. पिकलेली नको, डोळे उघडलेली द्या.