विषय: सूनबाईंचं डेंटलचं कर्ज सरकार फेडतं का?

मंडळी, नमस्कार.
आमची सून नाशिकची बीडीएस. इथे अमेरिकेत येऊन पुन्हा शिकली, डीएमडी म्हणजे इथली डेंटिस्ट झाली. तेव्हा एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर मिळणाऱ्या व्हिसावर होती, त्यामुळे फेडरल म्हणजे केंद्र सरकारचं कर्ज मिळालं नाही. मुलाने को-साइन करून, म्हणजे हमी देऊन, इथल्या खासगी बँकेचं काढलं, थोडं पुण्याचा फ्लॅट तारण ठेवून तिकडच्या बँकेकडून घेतलं, उरलेलं आम्ही दिलं. परवा एका बारशात कुणीतरी म्हणालं, खेड्यात नोकरी धरली की सरकार डेंटिस्टांचं कर्ज माफ करतं. खरं का? तिचं ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आलं. मुलगा सिटिझन आहे.
– सुलभा, न्यू जर्सी

---

सुलभाकाकू,
खरं आहे, पण सातबारा कोरा होतो तसं समजू नका. तुम्ही म्हणताय ती बहुतेक नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरची योजना. डेंटिस्टांची टंचाई आहे असं सरकारने ठरवलेल्या भागात, मान्यता असलेल्या क्लिनिकमध्ये दोन वर्षं पूर्णवेळ काम करायचं. त्याबद्दल कर्जापोटी ५०,००० डॉलरपर्यंत मिळतात. त्यावर फेडरल इन्कम टॅक्स नाही. टंचाईला गुण असतात, दातांसाठी ० ते २६. जास्त गुणांच्या जागांचा नंबर आधी लागतो.

आता मुद्द्याचं. अर्ज करणारी सिटिझन लागते, ग्रीन कार्ड चालत नाही. पुण्याच्या बँकेचं कर्ज आणि तुम्ही दिलेले पैसे धरत नाहीत, इथल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज धरतात. आणि पैसे सुरुवातीलाच हातात पडतात, तिथेच लोक फसतात. करार मधेच मोडला तर राहिलेल्या प्रत्येक महिन्याचे ७,५०० डॉलर, त्या महिन्यांपोटी मिळालेली रक्कम परत, वर व्याज. बॉसशी पटलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी राजीनामा टाकायची सोय नाही.

दुसरी वाट पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेसची: सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी आणि १२० हप्ते, म्हणजे निदान दहा वर्षं. पण ती फक्त फेडरल डायरेक्ट लोनला. तुमच्या सुनेला उपयोग नाही.

मी कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोच्या बाजूला अशाच क्लिनिकमध्ये आहे. पेशंट बहुतेक द्राक्षांच्या, बदामांच्या बागांतले मजूर, फी मिळकतीप्रमाणे. ‘दुएले?’ म्हणजे दुखतंय का, एवढं स्पॅनिश पहिल्याच आठवड्यात तोंडात बसतं. परवा एकाची दाढ सहज वाचली असती. पण रूट कॅनालनंतर कॅपही लागणार, आणि पुन्हा खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी बुडणार, म्हणून म्हणाला, काढूनच टाका. काढली. असे पेशंट रोज असतात. नुसत्या पन्नास हजारांकडे बघून येणाऱ्यांना ते झेपत नाही, हे मी स्पष्टच सांगते.
– गौरी

---

गौरी, छान लिहिलंस. ज्यांची इथे जन्मलेली मुलं डेंटल स्कूलला निघाली आहेत त्यांच्यासाठी: १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं फेडरल कर्ज) बंद. फेडरल कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर, बस्स. बऱ्याच कॉलेजांत तेवढ्यात भागत नाही. वरचं खासगी घ्याल तर त्याला ती १२० हप्त्यांची माफी नाही. आणि फेडरल कर्ज ‘व्याज कमी पडतं’ म्हणून घाईने खासगीत रिफायनान्स करू नका, म्हणजे खासगी बँकेचं नवं कर्ज काढून ते फेडू नका, त्याचीही माफी जाते.
– विनय, डॅलस

---

गौरी, सूनबाईला मेल वाचून दाखवली. नवरा सिटिझन असल्यामुळे ग्रीन कार्डानंतर तीन वर्षांनी तिला सिटिझनशिपचा अर्ज करता येतो, म्हणजे अजून थांबणं आलंच. ती म्हणते, कर्जाचं होईल तेव्हा होईल, अशा क्लिनिकमध्ये नोकरी मात्र आत्ताच बघते. मुलाचं तोंड जरा उतरलंय, त्याचं ऑफिस मॅनहॅटनला. तुझ्याकडे जागा निघाली तर आधी तिला कळव, त्याचं मी बघते.
– सुलभा