मदत हवी आहे: घरी आईसाठी शोफार (मेंढ्याचं शिंग) फुंकताना बराखा (आधी म्हणायचं आशीर्वचन) म्हणायची का?

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, ठाण्यात राहतो. आई 81 वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. नव्याच्या सणाला (रोश हशाना, ज्यू नववर्षाचे दोन दिवस) सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळी, नेणं शक्य नाही. 2026 मध्ये पहिला दिवस शब्बाथ (शनिवार, 12 सप्टेंबर), तेव्हा फुंकत नाहीत, म्हणून शोफार फक्त दुसऱ्या दिवशी, रविवारी. सिनेगॉगमध्ये मी स्वतः फुंकणार, मग दुपारी घरी येऊन आईसाठी तीस फुंका. तकिया-शेवारिम-तेरुआ हे फुंकण्याचे तिन्ही प्रकार बसलेत. सराव करताना आई पडल्यापडल्या बोटांवर मोजते आणि चुकलं की हात वर करते!

अडचण बराखांची. 'लिश्मोआ कोल शोफार' आणि 'शेहेखियानू' या दोन्ही मी सिनेगॉगमध्येच म्हटलेल्या असतील. ज्याचं शोफार ऐकण्याचं कर्तव्य उरलंय अशा पुरुषासाठी पुन्हा म्हणता येतात, हे ठाऊक आहे. पण घरी दुसरा पुरुष नाही. शुल्खान आरूख या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथाप्रमाणे बायकांसाठी फुंकता येतं, पण त्यांच्यासाठी बराखा नाही. अश्केनाझींत (युरोपीय ज्यूंच्या रीतीत) मात्र बाई स्वतः म्हणते. आपली रीत सेफार्दी (मूळ स्पेनच्या ज्यूंची), म्हणून आमचे हजान (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे) म्हणाले, नुसतं फुंक. इस्राएलमधल्या अश्दोदचा मावसभाऊ म्हणतो, आईलाच म्हणू दे. आईला आठवतं, आजोबा शेजारपाजारच्या बायकांसाठी मोठ्याने बराखा म्हणून फुंकायचे.

फोनवर ऐकवायचं कृपया सुचवू नका. सणाला फोन लावत नाही, आणि तो आवाज ग्राह्यही धरत नाहीत.

तुमच्या घरी, कोकणात किंवा मुंबईत, फक्त बायकांसाठी शोफार फुंकला जायचा तेव्हा बराखा म्हणत होते का? आणि म्हणत असतील तर कोण, फुंकणारा की ऐकणारी?