गोष्टीचे गेम खेळून पोरं खरंच वाचायला लागतात का?

खडूफळा: सातवीला मराठी शिकवते. ट्वाइन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात गोष्ट लिहायची आणि शब्दांना लिंक द्यायच्या, पोरं जी लिंक दाबतील तशी गोष्ट पुढे जाते, मराठीही नीट चालतं. मी पडक्या वाड्याची गोष्ट केली. दारापाशी दोन पर्याय, 'आत डोकाव' आणि 'आत शिर'. शिरलं की मागे दार बंद. परिच्छेद वाच म्हटलं की घाम फुटणारा एक मुलगा तीनदा अडकला आणि स्वतः येऊन विचारतो, बाई डोकावणे म्हणजे नुसती मान घालायची ना? धड्याखालच्या शब्दार्थांबद्दल त्याने कधी काही विचारलं नव्हतं. शब्दावर पुढचं काही अडलं ना, की पोरं शब्दाकडे बघतात.

लायब्ररीकार्ड: नाही पटत बाई. माझी भाची खेळते असले गेम, शेजारी बसून बघितलंय, मजकूर वाचतच नाही, निळं अक्षर दिसलं की दाबलं. चुकलं तर मागे यायचं, मग वाचेल कशाला? पुस्तकात आवडतं पात्र मेलं तर मेलं, ते सोसावं लागतं.

खडूफळा: मागे जायचं बटण काढता येतं, मी काढलंय.

दिवाबत्ती: लिंकपेक्षा टाइप करायचे गेम बरे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९७७ साली झॉर्क नावाचा गेम सुरू झाला, त्यात 'उत्तरेला जा', 'दिवा घे' असल्या आज्ञा इंग्रजीत स्वतः लिहायच्या. मी मुलीसाठी मराठीत तसा छोटा गेम करायला घेतला तर 'दिवा घे' चाललं पण 'दिव्याने दोरी जाळ' म्हटल्यावर दिवाच सापडेना, कारण 'दिवा'चं 'दिव्या' झालेलं! मग प्रत्येक वस्तूचं सामान्यरूप हाताने भरत बसलो. 'विहीरीत उतर' मात्र मुद्दाम घेतलं नाही, 'विहिरीत'च लिहायला लावलं. आता ती वहीतही बरोबर लिहिते.

लायब्ररीकार्ड: विहिरीचं आवडलं, खरंच. पण तासाभरात वाचून होतं किती? चार-चार ओळीच ना? आणि कॉम्प्युटर किती आहेत वर्गात?

खडूफळा: एकच, प्रोजेक्टरला जोडलेला. एक जण मोठ्याने वाचतो, बाकीचे हात वर करून ठरवतात. त्यावरून भांडणं होतात, परवा शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, शिरू नका रे, दुसऱ्या ओळीत लिहिलंय कडी बाहेरूनच आहे.