शब्दचर्चा : 'प्लॅटन' म्हणजे नुसता 'रोलर' का?

प्रश्न
1870 ते 1900 या काळातल्या टंकयंत्रांविषयीच्या मजकुराचा अनुवाद चालू आहे. कागद आत ओढणारे, धरून ठेवणारे आणि ओळ संपली की पुढे सरकवणारे जे भाग त्या काळात सुधारत गेले, त्यांच्या नावांशी गाडी अडली आहे. 'प्लॅटन' (कागदामागचं मोठं नळकांडं) आणि 'फीड रोल' (त्याखालचे बारीक रोलर) या दोन्हींना मराठीत सर्रास 'रोलर'च म्हणतात. दोन्ही एका वाक्यात आले की वाचणाऱ्याला काहीच उलगडत नाही. दर कळीला कागद एक जागा बाजूला सरकवणारी यंत्रणा 'एस्केपमेंट', तिच्यासाठीही शब्द सुचत नाही. काय वापरावं?

प्रतिसाद 1
आधी 'प्लॅटन'चं मूळ पाहा. शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी 'सपाट' हा अर्थ आहे. छापखान्यात खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या उठावदार अक्षरांवर, कागद दाबणारी सपाट पाटी म्हणजे प्लॅटन. शोल्स, ग्लिडन आणि सोल यांना 1868 साली टंकयंत्राचं पेटंट मिळालं, त्या यंत्रातही कागद चौकटीत आडवा, सपाटच धरलेला होता. रेमिंग्टन कंपनीने बनवलेलं यंत्र 1874 साली बाजारात आलं तोवर त्या जागी गोल नळकांडं बसलं होतं. वस्तू गोल झाली, नाव मात्र सपाटच राहिलं. म्हणून 'प्लॅटन'चा शब्दशः अर्थ लावून 'पट्ट', 'फलक' असं काही करू नका, वाचक चुकेल.

या भागाचं खरं काम घाव झेलण्याचं आहे. दांडीच्या टोकाचा खिळा रिबनवर आपटतो, रिबनमागे कागद आणि कागदामागे हे रबरी नळकांडं. लोहाराकडे जी ऐरण, ती इथे प्लॅटन. कागद पुढे सरकवणं हे त्याचं दुसरं काम, आणि तेही तो एकटा करत नाही.

प्रतिसाद 2
ऐरणीची उपमा पटली. पण संज्ञा म्हणून 'ऐरण' नको. टंकलेखनाच्या क्लासमध्ये शिकलेली माणसं प्लॅटनलाच 'रोलर' म्हणतात, तो शब्द त्यांच्याकडून काढून घेऊ नये. नवा शब्द लागतो तो खालच्या बारीक रोलरांसाठी, म्हणजे 'फीड रोल'साठी. त्यांना 'दाबरोलर' म्हणा. ते मोठ्या रोलरला खालून स्प्रिंगने दाबून बसतात आणि कागद दोघांच्या चिमटीत सापडतो. 'पेपर रिलीज'ची कळ ओढली की दाबरोलर खाली सुटतात आणि कागद मोकळा होतो.

हा भेद दुरुस्तीतही पैसे वाचवतो. कागद तिरका जातोय म्हटलं की लोक म्हणतात, 'रोलर गेला', आणि मोठा रोलर बदलायला निघतात. दोष बहुतेकदा दाबरोलरचा असतो. यंत्र वर्षानुवर्षं पडून राहिलं की दाबरोलर ज्या जागी टेकलेले असतात तिथे चपटे होतात. मग प्रत्येक फेऱ्यात तो चपटा भाग आला की कागद किंचित थबकतो आणि ओळींमधलं अंतर कमीजास्त होतं. तपासणी सोपी आहे : साधारण इंचभर रुंदीच्या कागदाच्या दोन पट्ट्या, एक डावीकडे, एक उजवीकडे घाला आणि दोन्ही हातांनी हळूच ओढा. जी पट्टी सहज सुटेल त्या बाजूचा दाब कमी. यंत्र दीर्घकाळ ठेवून द्यायचं असेल तर रिलीजची कळ ओढून ठेवा.

मोठ्या रोलरचं दुखणं वेगळं. रबर वय झालं की दगडासारखं होतं. आवाज कडक येतो, पूर्णविरामाच्या जागी कागदाला भोक पडतं, इंग्रजी 'ओ'चा तर चकतीसारखा तुकडाच निघतो. तात्पुरता उपाय म्हणजे पत्राच्या कागदामागे आणखी एक जाड कागद घालणं. पुसायला स्पिरिट, तेही कापडावर घेऊन. रबराला तेल किंवा रॉकेल लावू नका, रबर फुगतं आणि मऊ पडून चिकट होतं.

प्रतिसाद 3
वरच्याला जोडून. सुरुवातीच्या यंत्रांत खिळे खालून वर आपटत, त्यामुळे लिहिलेली ओळ रोलरच्या पोटाखाली दडलेली असे. ती बघायची तर अख्खं कॅरेज, म्हणजे रोलरसकट डावीउजवीकडे सरकणारा वरचा भाग, वर उचलावं लागे. समोरून आघात करणारी, ओळ लगेच दिसू देणारी यंत्रं 1890 च्या दशकात रुळली. अंडरवुड हे त्यातलं ठळक नाव. अनुवादात 'अंध' यंत्र आणि 'दृश्य' यंत्र असे शब्द आले तर पहिल्या वेळी हे एका वाक्यात सांगून टाका.

हॅमंडच्या यंत्रात मात्र 'रोलरवर खिळा आपटतो' असं लिहू नका. तिथे अक्षरपट्टी पुढे, कागद मध्ये आणि मागून हातोडा. प्रत्येक अक्षरावर हातोड्याचा घाव सारखाच बसतो, म्हणून छाप एकसारखी उठते. आधी यंत्र कोणतं ते पाहा, मग शब्द ठरवा.

प्रतिसाद 4
कार्बन प्रतींबद्दल कुणीच बोललं नाही. कागद सरकवण्याच्या बऱ्याच सुधारणा त्यांच्यामुळेच झाल्या.

मूळ कागद, चार-पाच कार्बन आणि तितक्याच प्रती असा सैल संच रोलरभोवती गेला की बाहेरच्या कागदाला आतल्यापेक्षा जास्त वाट चालावी लागते. संचाची जाडी अर्धा मिलिमीटर धरली तर एका पूर्ण फेऱ्यात हा फरक सुमारे 3 मिलिमीटर होतो. कागद एकमेकांवरून सरकू लागतात आणि शेवटची प्रत, म्हणजे बहुधा आपल्याकडे ठेवायची स्थळप्रत, रकान्याबाहेर जाते. घरगुती तोड : संचाची वरची कड दुमडलेल्या कागदी पट्टीत धरा, रिलीज उघडा ठेवून संच सेंटीमीटरभर आत ढकला, मगच दाब लावा.

बिलांच्या लांबच लांब जोडकागदावर हे जमत नाही, प्रत्येक बिलाला चूक साचत जाते. म्हणून कागदाच्या दोन्ही कडांना भोकं पाडून रोलरच्या टोकांवरच्या खुंट्यांनी तो ओढण्याची पद्धत आली. तीच भोकं पुढे डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या कागदावर सगळ्यांनी पाहिली, अर्ध्या इंचाला एक. याला 'खुंटीओढ' म्हणता येईल आणि नुसत्या दाबावर चालणाऱ्या पद्धतीला 'दाबओढ'. दोन्ही शब्द ऐकताच कळतात.

प्रतिसाद 5
'एस्केपमेंट'साठी 'सुटका' किंवा 'मोचन' नको. कॅरेजला स्प्रिंग सतत डावीकडे ओढत असते आणि दातेरी चाक ते अडवून धरतं. कळ दाबून सोडली की एक दात सुटतो, कॅरेज एक घर पुढे जातं. म्हणून यंत्रणेला 'घरसरक' म्हणा. 'घर' हा शब्द टंकलेखकांच्या तोंडचा आहे : दहा घरं सोडून परिच्छेद सुरू करा. इंग्रजी पायका या मोठ्या अक्षराच्या यंत्रात इंचाला 10 घरं, एलीट या बारीक अक्षराच्या यंत्रात 12.

'घर' म्हणजे 'अक्षर' असं मात्र लिहू नका. देवनागरी रेमिंग्टन मांडणीत 'भ', 'ध', 'ण', 'श' ही अक्षरं अर्धं रूप आणि काना अशा दोन कळांनी पुरी होतात, म्हणजे दोन घरं खातात. उलट काही चिन्हांच्या कळा दाबल्या तरी कॅरेज हलतच नाही. त्यांना इंग्रजीवरून 'मृत कळ' म्हणतात, पण ती छाप तर उठवते. 'अचल कळ' नेमकं.

प्रतिसाद 6
'टंक' या शब्दावरही दोन ओळी हव्यात. 'टंकलेखन' कृत्रिम वाटतं असं म्हणणाऱ्यांनी घरातलेच शब्द आठवावेत. संस्कृतात टंक म्हणजे छिन्नी, तसंच ठसा उठवलेलं नाणं. त्यावरूनच टांकसाळ आणि पाथरवटाची टाकी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, या म्हणीतली तीच टाकी. घाव घालून ठसा उठवणं हा अर्थ शब्दात आधीपासूनच आहे आणि यंत्र करतं तेही तेच. म्हणून 'टंकयंत्र' ठेवा. 'खिळा'ही ठेवा, खिळेजुळाऱ्यांच्या छापखान्यातून तो आयता मिळतो.

मूळ प्रश्नकर्ता
आभार. अडलेलं वाक्य आता असं केलं आहे : 'दाबरोलर कागद रोलरला घट्ट भिडवून ठेवतात, ओळ संपल्यावर लिव्हर ओढला की रोलर ठरलेल्या दातांइतका फिरतो, आणि कागद एक ओळ वर सरकतो.' आधीच्या मसुद्यात इथे 'रोलर' पाच वेळा आला होता.

प्रतिसाद 2
'लिव्हर ओढला' नको, 'लिव्हर ओढली' करा. क्लासमध्ये सगळे 'ती लिव्हर'च म्हणतात. बाकी वाक्य छापायला द्या.